पाने नसलेल्या पुस्तकाची पृष्ठसंख्या

छापील पुस्तकाची पृष्ठसंख्या ही मजकुराच्या लांबीइतकीच कागदाच्या आकाराशी, टाइपाच्या मापाशी आणि छपाईयंत्राच्या सोयीशी बांधलेली असते, ही गोष्ट वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही, कारण पुस्तक हातात येते तेव्हा हे सगळे निर्णय होऊन गेलेले असतात. अप्पा बळवंत चौक आणि त्याच्या आसपासच्या पेठांतून वाढलेल्या पुण्याच्या प्रकाशनव्यवसायात पुस्तकाची लांबी पानांत सांगितली जाते, पण हिशेब मात्र फॉर्मात होतो. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पाने छापून, घडी घालून आणि कापून जो गठ्ठा तयार होतो तो एक फॉर्म होय, आणि पुस्तक पूर्ण किंवा अर्ध्या फॉर्मातच संपावे असा प्रकाशकाचा प्रयत्न असतो, कारण उरलेला कागद वाया जातो. मजकूर २०३ पानांत संपला तरी पुस्तक २०८ पानांचे, म्हणजे तेरा फॉर्मांचे होते, आणि मधली पाच पाने कोरी राहतात किंवा त्यांवर त्याच प्रकाशनाच्या अन्य पुस्तकांच्या जाहिराती येतात. ग्रंथालयाच्या नोंदीत आणि विक्रेत्याच्या यादीत ज्या आकड्याला लांबीचे प्रमाण मानले जाते, त्यात अशा रीतीने कागदाच्या घडीचाही वाटा असतो.

आकाराचा वाटा याहून मोठा असतो. साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच अशा डेमी आकाराच्या पानावर मध्यम टाइपात तीस ते चौतीस ओळी बसतात आणि ओळीत आठ-दहा शब्द येतात, तर त्याहून लहान असलेल्या क्राऊन आकारात तीच कादंबरी सहज पंचवीस-तीस टक्के अधिक पाने घेते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तर अक्षराच्या खाली उकार आणि काही जोडाक्षरांचे पाय येत असल्यामुळे दोन ओळींमधील अंतर रोमन लिपीपेक्षा जास्त ठेवावे लागते, आणि म्हणून त्याच उंचीच्या पानावर मराठीच्या ओळी कमी मावतात.

संहिता छापखान्यात जाण्यापूर्वी तिची पाने किती होतील हे ठरवण्याची जुनी रीत साधी आणि बऱ्यापैकी भरवशाची आहे. संहितेतील भरगच्च मजकुराची, संवादांची आणि मध्यम अशी काही पाने निवडावीत, त्यांतील ओळी आणि ओळींतील शब्द मोजून सरासरी काढावी, तिला पानांच्या संख्येने गुणून एकूण शब्द काढावेत आणि नियोजित आकाराच्या एका छापील पानावर मावणाऱ्या शब्दांनी त्यास भागावे. येणाऱ्या उत्तरात शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका आणि प्रस्तावना यांची पाने मिळवावी लागतात, प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू होत असेल तर मागील प्रकरणाच्या शेवटी सरासरी अर्धे पान मोकळे राहते ते धरावे लागते, आणि मग आकडा वर नेऊन फॉर्मात बसवावा लागतो. साठ हजार शब्दांच्या, वीस प्रकरणांच्या कादंबरीला डेमीच्या पानावर २८० शब्द धरले तर मजकुराची २१४ पाने, आरंभीची दहा आणि प्रकरणांअखेरच्या मोकळ्या जागेची दहा मिळून २३४ पाने होतात, आणि पंधरा फॉर्म पूर्ण करण्यासाठी पुस्तक २४० पानांचे निघते. हीच काल्पनिक कादंबरी पुढेही उदाहरणाला घेता येईल.

ई-पुस्तकात यांपैकी बहुतेक आधार नाहीसे होतात, पण सगळ्याच ई-पुस्तकांत नाही. पीडीएफ या प्रकारात प्रत्येक पानाची मांडणी कायमची गोठवलेली असते, म्हणून तेथे पृष्ठसंख्या छापील पुस्तकासारखीच निश्चित राहते. पुण्यात सेनापती बापट मार्गावर मुख्यालय असलेल्या आणि १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर याच रूपात मिळतात, आणि त्यामुळे शिक्षकाने सांगितलेले बेचाळिसावे पान छापील पुस्तक उघडणाऱ्या आणि फोनवर वाचणाऱ्या विद्यार्थ्याला एकच सापडते. त्याची किंमत एवढीच, की मोठ्या आकाराचे ते पान फोनच्या पडद्यावर वाचण्यासाठी बोटांनी सतत मोठे करावे आणि सरकवावे लागते. याउलट ईपब किंवा किंडलच्या प्रकारातील पुस्तकात मजकूर प्रवाही असतो, म्हणजे पडद्याच्या रुंदीनुसार आणि वाचकाने निवडलेल्या अक्षरांच्या मापानुसार ओळी नव्याने पडतात. दृष्टी मंदावलेल्या वाचकाने अक्षर दुप्पट मोठे केले की एका ओळीत निम्मे शब्द आणि एका पडद्यावर निम्म्या ओळी मावतात, म्हणजे पडद्यांची संख्या सुमारे चौपट होते. अशा पुस्तकाला पाने किती, हा प्रश्न मग उपकरण आणि वाचक ठरल्याशिवाय विचारताच येत नाही.

तरीही आकडा हवा असतो. वाचकाला विकत घेण्यापूर्वी पुस्तकाचा अंदाज घ्यायचा असतो, विक्रेत्याला किंमत समर्थनीय दाखवायची असते आणि लेखकाला मोबदला मोजून हवा असतो. म्हणून वाचनप्रणाली बनवणाऱ्यांनी कृत्रिम पाने तयार केली. अ‍ॅडोबीच्या ईपब वाचनप्रणालीने दाबून साठवलेल्या मजकुराच्या दर १०२४ बाइटांना एक पान मानले, आणि येथे बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणीचे लहान एकक एवढा अर्थ पुरेसा आहे. २००७ मध्ये आलेल्या किंडलने आरंभी पान ही कल्पनाच बाजूला ठेवून ‘लोकेशन’ हे स्थाननिदर्शक आणले, ज्याची लांबी साधारण सव्वाशे ते दीडशे बाइट इतकी भरते. छापील आवृत्तीशी जुळणारे पृष्ठांक किंडलवर २०११ पासून दिसू लागले, पण तेही प्रकाशकाने ई-आवृत्तीची सांगड विशिष्ट छापील आवृत्तीशी घातली असेल तरच. ई-पुस्तकांची व्यवस्था ठेवणारी कॅलिबर ही विनामूल्य प्रणाली कोविद गोयल या भारतीय प्रोग्रॅमरने तयार केली असून, तिच्यातील पाने मोजण्याची झटपट पद्धत २३०० बाइटांचे एक पान धरते. एका नमुना पुस्तकाच्या पानावरील अक्षरे मोजून २२४० ही पूर्णांकित संख्या घेतली गेली आणि मांडणीच्या अदृश्य खुणांसाठी ६० वाढवले गेले, एवढाच या आकड्याचा उगम आहे. तो नमुना रोमन लिपीतला होता हे वेगळे सांगायला नको.

मराठीपुरता सगळा घोटाळा येथूनच सुरू होतो. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत रोमन लिपीतील एका अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. शिवाय संगणकाच्या दृष्टीने काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्त ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे असतात. ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दात उच्चाराची अक्षरे चार आहेत, पण साठवणीची चिन्हे अकरा आणि बाइट तेहेतीस होतात. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात, ज्याच्याशी पुण्याच्या सी-डॅकचे नाव जवळून जोडलेले आहे, असे प्रत्येक चिन्ह एका बाइटात मावत असे, म्हणून बाइटांवरून पाने काढण्याची पद्धत त्या काळी रूढ असती तर मराठी पुस्तके अचानक एकतृतीयांश लांबीची दिसली असती. मजकूर दाबून मग मोजणाऱ्या पद्धतीत हा फुगवटा पुष्कळ कमी होतो, कारण देवनागरीच्या तीन बाइटांपैकी आरंभीचे बाइट जवळजवळ नेहमी तेच येतात आणि पुनरावृत्ती दाबून टाकणे हेच तर त्या तंत्राचे काम असते.

मघाची कादंबरी घेऊन पाहिले तर या तफावतीचा आवाका कळतो. दर शब्दाला सरासरी सहा चिन्हे धरली तर साठ हजार शब्दांत ३,६०,००० चिन्हे येतात, त्यांचे १०,८०,००० बाइट आणि शब्दांमधील मोकळ्या जागांचे ६०,००० मिळून मजकूर ११,४०,००० बाइटांचा होतो. २३०० बाइटांच्या पानाने भागल्यास ही कादंबरी ४९६ पानांची ठरते, तर दीडशे बाइटांच्या स्थाननिदर्शकाने मोजल्यास तिची लांबी ७६०० भरते. आणि अप्पा बळवंत चौकातील दुकानात तीच २४० पानांची म्हणून ठेवलेली असते. तितक्याच शब्दांच्या इंग्रजी कादंबरीला झटपट पद्धत दीडशे-एकशेसाठ पाने देईल. याच अंदाजावर किमतीची तुलना करणाऱ्या ग्राहकाला मराठी पुस्तक स्वस्त वाटेल हा त्यातला एकमेव लाभ म्हणावा लागेल.

हा केवळ कुतूहलाचा विषय राहिलेला नाही, कारण काही ठिकाणी पानांवर पैसे ठरतात. अ‍ॅमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके किंडलवर आणली आणि त्यानंतर लेखकांना स्वतःच मराठी पुस्तक तेथे प्रकाशित करण्याची वाट मोकळी झाली. ठरावीक वर्गणी भरून हवी तितकी पुस्तके वाचण्याची जी योजना तेथे आहे, तीत १ जुलै २०१५ पासून लेखकाला पुस्तक उचलले गेल्याबद्दल नव्हे तर वाचल्या गेलेल्या पानांबद्दल मोबदला मिळतो, आणि ही पाने पडद्यावरची किंवा छापील नसून कंपनीने ठरवलेल्या एकाच प्रमाणित मांडणीत मजकूर ओतून काढलेली ‘प्रमाणीकृत’ पाने असतात. अक्षर मोठे करून, ओळी विरळ करून किंवा प्रत्येक परिच्छेदानंतर जागा सोडून पाने फुगवण्याचा मोह लेखकांना होऊ नये म्हणून ही व्यवस्था आहे. छापील जगात हा मोह अनोळखी नाही. वाचनालयाच्या कपाटात जाड दिसणारी पण आत मोकळ्या समासांची पुस्तके मराठी वाचकाने पुष्कळ पाहिली आहेत.

बाइट सोडून शब्दांकडे वळावे, तर तेथेही मराठीची प्रकृती आडवी येते. इंग्रजीत ज्या अर्थासाठी चार-पाच सुटे शब्द लिहावे लागतात तो मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून ‘घरासमोरच्यांनाही’ अशा एका शब्दात येतो, त्यामुळे एकाच ग्रंथाच्या मूळ आणि अनुवादित संहितांच्या शब्दसंख्या ताडून लांबीचा निष्कर्ष काढता येत नाही. मराठीच्या मराठीत मात्र शब्दसंख्या उपयोगी पडते, आणि कथास्पर्धा किंवा दिवाळी अंक यांच्या आवाहनांत पानांऐवजी शब्दांची मर्यादा दिली जाते ती योग्यच आहे. अडचण येते ती जुन्या धारिकांत. युनिकोडपूर्व काळात, आणि पुष्कळ छापखान्यांत आजही, अक्षरजुळणी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या प्रणालींत होते. अशा धारिकांत एक अक्षर दोन-तीन तुकड्यांनी रचलेले असू शकते, म्हणून तेथे चिन्हे मोजून हाती येणारा आकडा निरर्थक असतो आणि मजकूर युनिकोडमध्ये नेल्यावरच मोजणीला अर्थ येतो.

शब्द आणि बाइट या दोहोंपेक्षा देवनागरीला मानवणारे एकक पुण्यात फार पूर्वीपासून हाताशी आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे डेक्कन कॉलेजातील शासकीय हस्तलिखितसंग्रह १९१८ मध्ये आला, आणि त्या हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचींत प्रत्येक पोथीची पत्रे किती, एका बाजूवर ओळी किती आणि एका ओळीत अक्षरे किती याची नोंद केलेली दिसते. पोथीच्या पत्राला एकच क्रमांक असतो आणि लिहिलेल्या बाजू दोन असतात, म्हणून १२० पत्रे, बाजूला नऊ ओळी आणि ओळीत ३२ अक्षरे अशी पोथी असल्यास तिच्यात ६९,१२० अक्षरे होतात. अनुष्टुभ छंदाच्या श्लोकात ३२ अक्षरे असतात, आणि तेवढ्या अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ धरून गद्याचीही लांबी सांगण्याची परंपरा होती. त्या हिशेबाने ही पोथी २१६० ग्रंथांची ठरते. अनेक पोथ्यांच्या शेवटी ही ग्रंथसंख्या लिहिलेली आढळते, आणि नक्कल करणाऱ्या लेखकाची मजुरी तिच्यावरून ठरवता येत असे. पत्र लहान असो वा मोठे, हस्ताक्षर दाट असो वा विरळ, ही संख्या बदलत नाही. प्रमाणीकृत पानांच्या मागे लागलेल्या आजच्या कंपन्यांना जे साधायचे आहे ते येथे कागदाचा संबंधच तोडून साधलेले आहे.

या रीतीची आजच्या संगणकाला काहीच अडचण नाही. युनिकोड मजकुरातील चिन्हांतून काना-मात्रा आणि हलन्ताने जोडलेली व्यंजने एकत्र धरून अक्षरे मोजणारी प्रणाली लिहिणे कोणत्याही प्रोग्रॅमरला थोड्या वेळाचे काम आहे. उदाहरणाच्या कादंबरीत शब्दामागे तीन अक्षरे धरली तर १,८०,००० अक्षरे, म्हणजे ५६२५ ग्रंथ होतात. आजच्या वाचकाला हे एकक अपरिचित असल्याने त्याला विक्रीच्या यादीत स्थान मिळण्याची शक्यता अल्प आहे हे खरे, परंतु प्रकाशकाने घरच्या हिशेबापुरती अक्षरसंख्या काढून आपल्याच छापील पुस्तकांवरून डेमीच्या एका पानाला किती अक्षरे बसतात याचे प्रमाण एकदा बसवले, तर ज्या पुस्तकाची छापील आवृत्ती निघालेलीच नाही त्याच्याही पानांचा अंदाज यादीत देता येईल, आणि तो बाइटांवरून काढलेल्या अंदाजापेक्षा पुष्कळ विश्वासार्ह असेल. श्राव्य पुस्तकांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण तेथे लांबी वेळेतच सांगितली जाते: मिनिटाला १२० शब्दांच्या संथ वाचनाने ही कादंबरी आठ तास वीस मिनिटांची होईल.

लांबी मोजणे आणि जागा सांगणे ही पानाची दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम अनेक ग्रंथांनी पानावर कधीच सोपवले नव्हते. ज्ञानेश्वरीतील स्थळ अध्याय आणि ओवीच्या क्रमांकाने सांगितले जाते, म्हणून पोथी, छापील आवृत्ती आणि फोनवरचा मजकूर यांत तो निर्देश सारखाच चालतो, फक्त पाठभेदाने ओव्यांचे क्रमांक कधी पुढेमागे होतात. भांडारकर मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे १९ खंड असूनही अभ्यासक तिचा निर्देश पर्व, अध्याय आणि श्लोक यांनीच करतात. कादंबरी, चरित्र आणि वैचारिक गद्य यांना अशी क्रमांकांची सोय नसल्यामुळे त्यांच्या ई-आवृत्तीतून उतारा घेणाऱ्या विद्यापीठीय संशोधकाची अडचण होते, आणि प्रबंधात स्थाननिदर्शक देणे म्हणजे ज्याच्याकडे तेच उपकरण नाही अशा परीक्षकाला वाटेत सोडणे होय. तूर्त अशा वेळी प्रकरणाचे नाव आणि त्यातील परिच्छेदाचा क्रमांक देणे हाच सरळ उपाय आहे.

याहून पक्का उपाय ईपबच्या रचनेतच ठेवलेला आहे. २०११ मधील ईपब-३ या मानकात छापील आवृत्तीचे प्रत्येक पान जेथे सुरू होते तेथे मजकुरात एक अदृश्य खूण घालण्याची आणि त्या सर्व खुणांची पृष्ठसूची पुस्तकाला जोडण्याची तरतूद आहे, त्यामुळे अक्षर कितीही मोठे केले तरी छापील ११२ व्या पानावर नेमके जाता येते. हे सर्वाधिक मोलाचे ठरते ते दृष्टिहीन विद्यार्थ्यांना, कारण वर्गात इतरांच्या हातात छापील पुस्तक असताना त्यांना तेच पान ऐकत गाठता येते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या राष्ट्रीय ऑनलाइन ग्रंथालयामागे जी सुलभ पुस्तकांची चळवळ आहे, तिने पानावरून पानावर जाण्याची सोय आरंभापासून महत्त्वाची मानली आहे. छपाईची धारिका युनिकोडमध्ये असेल तर या खुणा ई-आवृत्ती तयार होतानाच घालता येतात आणि त्यासाठी वेगळे श्रम फारसे पडत नाहीत.

खिळे जुळवून छापलेल्या जुन्या पुस्तकांची मात्र धारिकाच नसते, आणि ती स्कॅन करून मजकूर ओळखून घेतल्यावर पाने मोजताना आणखी एक चूक हमखास होते. मुखपृष्ठ, शीर्षकपान आणि प्रस्तावनेची वेगळ्या क्रमांकांची पाने धरून स्कॅनचा क्रमांक छापील पृष्ठांकाच्या दहा-बारा, कधी वीस अंकांनी पुढे धावतो, दोन समोरासमोरची पाने एकाच चित्रात घेतली असतील तर तो निम्म्यावर येतो, आणि चित्रांची विनाक्रमांकाची पाने मध्ये आली की हा फरक पुस्तकभर सारखाही राहत नाही. म्हणून अशा पुस्तकाची पृष्ठसूची यंत्रावर न सोपवता, मुद्रितशोधकाने प्रत्येक पानाचा छापील अंक डोळ्यांनी पाहून आणि कोणत्या वर्षाची कितवी आवृत्ती स्कॅन केली आहे याची नोंद श्रेयपानावर करून तयार करावी लागते.